मुका मार आणि हंगामाचा हिशेब

डिसेंबर उजाडला की निफाडचे नाव वर्तमानपत्रांत हमखास येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले तापमान हे पुष्कळदा राज्यातील सर्वांत कमी तापमानांपैकी एक असते. थंडीची लाट आली की तेथे पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. याच दिवसांत गोदाकाठच्या या तालुक्यात दोन हंगाम एकाच वेळी चालू असतात. एक द्राक्षांचा आणि दुसरा कबड्डीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी झालेल्या बागांत विरळणी आणि फवारणी चालू असते, आणि संध्याकाळी प्रकाशझोतात सामने रंगतात. संक्रांत, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, मग गावोगावच्या यात्रा, असा हा क्रम उन्हाळ्यापर्यंत चालतो.

यांपैकी द्राक्षाच्या हंगामाचा हिशेब शेतकरी चोख ठेवतो. छाटणी कोणत्या तारखेला झाली, कोणते औषध किती मात्रेत फवारले, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढला, हे सारे वहीत असते. निर्यातीचा माल असेल तर त्या नोंदींशिवाय तो पुढे जातच नाही. पण त्याच घरातला जो मुलगा हंगामभर कबड्डी खेळतो, त्याच्या शरीराने या चार महिन्यांत किती मार सोसला, याची नोंद कोठेच नसते. हाड मोडले तर ते सर्वांना कळते. त्याखेरीज जे होते त्याला आपण एक नेमका शब्द वापरतो : मुका मार. वरून काही दिसत नाही, रक्त येत नाही, म्हणून तो मुका.

हा मुका मार मोजायला विज्ञान कसे शिकले, याचा इतिहास फार जुना नाही. तो बराचसा मुष्टियुद्ध, अमेरिकन फुटबॉल आणि रग्बी या खेळांच्या मैदानांवर घडला. तरी त्याचा आपल्या कबड्डीशी, आणि म्हणून आपल्या शाळेशी, सरळ संबंध आहे. तो कसा, ते आपण पाहू.

हुतुतूपासून कबड्डीपर्यंत

कोणत्याही खेळाला ‘हंगाम’ असतो तो त्याला नियम, संघटना आणि स्पर्धा मिळाल्यावर. त्याआधी तो केवळ खेळ असतो. हुतुतू गावोगाव निरनिराळ्या रीतींनी खेळला जाई. त्याचे तीन मुख्य प्रकार होते. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई.

या विस्कळीत रीतींना एकत्र बांधण्याचे काम महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी संस्थांनी केले. १९१८ साली साताऱ्यात नियम ठरवण्याचा प्रयत्न झाला. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सुधारलेल्या नियमांनुसार स्पर्धा भरवल्या. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, त्यांत हा खेळही होता. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि संजीवनी पद्धतीचा खेळ देशभर रूढ झाला. १९६२ पासून शालेय राष्ट्रीय स्पर्धांत कबड्डी आली. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत पुरुषांच्या कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला, तर महिलांच्या कबड्डीला २०१० साली ग्वांगझू येथे.

पुढचा मोठा बदल २०१४ साली झाला. त्या वर्षी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम ८ संघांचा आणि सुमारे ५ आठवड्यांचा होता. २०१७ साली संघ १२ झाले आणि हंगाम ३ महिन्यांचा झाला, सामने १३८. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझौ येथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात नाशिकचा आकाश शिंदे आणि शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार हे दोघे होते. आपल्या भागातल्या मुलांना आता हा खेळ म्हणजे गावच्या यात्रेपुरती मौज वाटत नाही. त्यात नाव आहे, पैसा आहे, नोकरीची आशा आहे. म्हणूनच हंगाम लांबत चालला आहे.

नियम म्हणजे मात्रा

औषधाची मात्रा असते, तशी खेळातल्या आघातांचीही मात्रा असते, आणि ती ठरते नियमांवरून. वरचे तीन प्रकार या दृष्टीने पुन्हा पाहावेत. गामिनीत बाद झालेल्या गड्याला आपोआप दीर्घ विश्रांती मिळते. संजीवनीत तो काही मिनिटांत परत येतो आणि पुन्हा पकडीत सापडतो. नियम बदलला, तशी एकाच सामन्यात एका शरीराला सोसावी लागणारी मात्रा बदलली.

आजच्या खेळात २० मिनिटांचे दोन डाव असतात आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते. म्हणजे ४० मिनिटांत ८० च्या आसपास चढाया होतात. त्यांपैकी निम्म्यांत आपला संघ बचाव करतो. पूर्वी चढाईची मर्यादा दम ठरवत असे. छाती थकली की गडी परते. आता ती घड्याळ ठरवते. त्यात प्रो कबड्डीने ‘करो या मरो’ चढाई आणली. सलग दोन चढायांत गुण मिळाला नाही तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे किंवा बाद होणे भागच पडते. प्रेक्षकांना हा नियम आवडतो. पण जी चढाई कोणालाही न भिडता संपली असती, ती आता भिडूनच संपते.

मैदानही बदलले. मातीवर अनवाणी पाय घसरतो, कातडी सोलवटते. मॅटवर बूट घट्ट धरतो. पाय जागच्या जागी राहतो आणि वरचे धड वळते. ही पिळवट मग गुडघ्याने सोसायची. गुडघ्यातील पुढचा आडवा-तिरका बंध (खेळाडू ज्याला ‘लिगामेंट’ म्हणतात तो) तुटणे ही कबड्डीपटूंची ओळखीची दुखापत आहे. सोलवटलेल्या कातडीवर हळद लावता येते. तुटलेल्या बंधाने मात्र सहा महिने ते वर्ष जाते.

शरीराचे खाते

ताण शरीरात साठतो, ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली ती हान्स सेल्ये यांनी. १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर काम करताना त्यांना दिसले की थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा अगदी वेगवेगळ्या गोष्टींना शरीर एकाच ठरावीक रीतीने उत्तर देते. आधी इशारा, मग प्रतिकार, आणि ताण संपलाच नाही तर थकवा. पुढे क्रीडाप्रशिक्षणाने यातून धडा घेतला : सराव शरीराला मोडतो, विश्रांती त्याला पूर्वीपेक्षा मजबूत करून बांधते. विश्रांती वगळली तर नुसती मोडतोडच उरते.

रग्बीच्या खेळाडूंचे रक्त तपासून हे प्रत्यक्ष पाहता येते. सामन्यानंतर क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतले विकर रक्तात वाढते. स्नायूंच्या पेशींची आवरणे फाटल्यावरच ते बाहेर येते. ते दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्या पुढच्या दिवशी शिखर गाठते आणि मग उतरत जाते. सामन्यानंतर कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरकही वाढते. दोन सामन्यांत पुरेसे दिवस असले तर हे खाते पुन्हा शून्यावर येते. नसले तर बाकी पुढच्या सामन्यात ओढली जाते. आता आपल्याकडची स्पर्धा आठवा. तीन दिवसांची स्पर्धा, जिंकत गेलेल्या संघाचे एका दिवसात दोन-तीन सामने, अंतिम सामना मध्यरात्री. ज्याचा संघ सर्वांत चांगला, त्याच्या खात्यावर सर्वांत जास्त बाकी.

निफाडची थंडी त्यात भर घालते. थंड स्नायू कमी लवचीक असतो, आणि थंड मज्जातंतूंतून संदेशही सावकाश जातो. रात्री दहाच्या सामन्याआधी बाकावर बसून राहिलेला राखीव खेळाडू थेट मैदानात उतरतो, तेव्हा त्याचे शरीर तयारच झालेले नसते. सकाळी बागेत पाठीवर फवारणीपंप वाहिलेला मुलगा तर दिवसाची निम्मी मजुरी आधीच भरून आलेला असतो.

वजनाचा प्रश्नही याच खात्यात येतो. कबड्डीत आणि कुस्तीत वजनाची मर्यादा असते. ती गाठण्यासाठी पाणी तोडणे, जेवण सोडणे, स्वेटर घालून धावणे हे प्रकार मुले सर्रास करतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथे नियम बदलले : वजन सामन्याच्या जवळ करायचे, घाम काढण्यासाठी रबरी पोशाख वापरायला बंदी, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचे सुरक्षित किमान वजन ठरवायचे. खेळ तोच राहिला आणि नियमाने धोका कमी केला. तीन जीव गेल्यावर का होईना, कोणी तरी मोजायला लागले होते.

मेंदू : मोठ्या ठोशापासून लहान धक्क्यापर्यंत

मेंदूच्या बाबतीत मोजणे जास्त कठीण होते. त्याची सुरुवात हॅरिसन मार्टलँड या न्यू जर्सीतील वैद्यक-अधिकाऱ्याने केली. विज्ञानाच्या इतिहासात हे नाव दोनदा येते. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग भरणाऱ्या आणि कुंचल्याला ओठांनी टोक आणणाऱ्या कामगार मुली १९२० च्या दशकात आजारी पडू लागल्या, तेव्हा त्यांच्या हाडांत साठलेले रेडियम शोधणाऱ्यांत मार्टलँड होते. १९२८ साली त्यांनीच मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला. वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेले काही योद्धे दारू न पिताही दारुड्यासारखे अडखळत चालतात, हात थरथरतात, बोलणे जड होते, असे त्यांनी नोंदवले. दोन्ही शोधांचे सूत्र एकच होते. एकेका दिवसाची मात्रा क्षुल्लक वाटते, पण शरीर तिची बेरीज करत असते.

मेंदू नेमका कशाने दुखावतो, याचे उत्तर १९४३ साली ऑक्सफर्डमधील होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने दिले. त्याने जिलेटिनची प्रतिकृती करून दाखवले की सरळ रेषेतल्या धक्क्यापेक्षा डोके झटकन वळणे मेंदूला जास्त घातक असते. हे वर्गातही करून पाहता येते. एका पारदर्शक बरणीत चायनाग्रास घट्ट लावावे, वर खसखशीच्या दाण्यांची एक सरळ रेघ काढावी. बरणी सरळ पुढे ढकलून एकदम थांबवली तर रेघ फारशी बदलत नाही. बरणी झटक्याने फिरवून थांबवली तर रेघ क्षणभर वाकडी होते, आणि जोर जास्त असेल तर चायनाग्रासला चिरा पडतात. कवटी ही बरणी, आणि साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा मऊ मेंदू हे चायनाग्रास. चेतापेशींचे लांब तंतू या पिळवटीत ताणले जातात. टोपी किंवा शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचवते. आतल्या मेंदूचे वळणे मात्र ते फारसे थांबवू शकत नाही.

१९७३ साली इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास केला आणि त्यांत झालेले ठरावीक बदल वर्णन केले. तरीही बाकीच्या खेळांना वाटत राहिले की हा प्रश्न ठोसे मारणाऱ्यांचा आहे. तो समज २००२ साली ढळला. त्या वर्षी माइक वेबस्टर हा अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू ५० व्या वर्षी मरण पावला. शेवटची वर्षे त्याने विस्मृतीत आणि हलाखीत काढली होती. पिट्सबर्ग येथे शवविच्छेदन करणारे बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे डॉक्टर. मेंदू वरून अगदी नेहमीसारखा दिसत होता. ओमालूंनी त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या. टाऊ हे चेतापेशींच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना आधार देणारे प्रथिन. ते सुटून साचले की पेशी निकामी होतात. २००५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. योगायोग असा की २००२ मध्येच इंग्लंडमध्ये जेफ ॲस्टल हा माजी फुटबॉलपटू वारला, आणि त्याच्या मृत्यूच्या चौकशीत डोक्याने चेंडू मारत राहण्याने झालेला हा व्यावसायिक आजार आहे, असा निष्कर्ष निघाला. ज्या शब्दाने आपण गिरणीतल्या किंवा खाणीतल्या कामगाराच्या फुप्फुसाच्या आजाराबद्दल बोलतो, तोच शब्द येथे खेळाडूच्या मेंदूसाठी वापरला गेला.

या शोधांपर्यंत सर्वांचे लक्ष मोठ्या आघाताकडे होते. मग अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी शालेय फुटबॉलपटूंच्या शिरस्त्राणांत संवेदक बसवले आणि हंगामाच्या आधी व हंगाम चालू असताना त्यांच्या मेंदूच्या चाचण्या घेतल्या. हादरा बसल्याचे निदान झालेल्या मुलांत बदल दिसतील, ही अपेक्षा होतीच. पण ज्यांना असा हादरा बसल्याचे कोणीही म्हटले नव्हते, अशा काही मुलांतही बदल दिसले. ही गोष्ट २०१० ची. मुका मार खऱ्या अर्थाने नोंदवला जाऊ लागला तो येथून.

एका हंगामाचा अभ्यास

रग्बी हा खेळ भारताला अगदीच परका नाही. १८७० च्या दशकात कलकत्त्याच्या इंग्रजांनी काढलेला रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी तो आजही ‘कलकत्ता चषक’ म्हणून दिला जातो. कबड्डीचे आणि रग्बीचे नाते मात्र त्याहून जवळचे आहे. दोन्हींत अंगावर चिलखत नाही, आणि समोरच्याला अडवायचे ते स्वतःच्या शरीराने. रग्बीच्या पंधराजणांत ८ आघाडीचे असतात आणि ७ पिछाडीचे. झटापटींचा मोठा वाटा आघाडीच्यांच्या अंगावर येतो.

२०२१ साली वेल्समधील संशोधकांनी एका व्यावसायिक रग्बी संघाच्या २१ खेळाडूंचा हंगामभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत १३ आघाडीचे आणि ८ पिछाडीचे होते. हंगामात कोणाला किती धडका बसल्या, हे सामन्यांच्या निरीक्षणातून मोजले. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी रक्त तपासले, मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजला, आणि स्मरण, लक्ष, भाषा यांची ३० गुणांची एक चाचणी घेतली.

यातली रक्तप्रवाहाची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा खप सुमारे २० टक्के. त्यामुळे त्याच्या रक्तवाहिन्या फार सावध असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या लगेच रुंदावतात आणि जास्त रक्त आत घेतात. दम घुमवत चढाई करणाऱ्या गड्याच्या रक्तातही श्वास आत न घेतल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठत असतो. त्या वेळी हीच यंत्रणा मेंदूला सांभाळते. वाहिन्या रुंदावण्यात नायट्रिक ऑक्साइड या वायूचा मोठा वाटा आहे. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात मुक्त मूलकांचा सुळसुळाट झाला की ते हा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात.

निष्कर्ष असे होते. धडका आघाडीच्या खेळाडूंना जास्त बसल्या. मेंदूच्या हादऱ्याचे हंगामात एकूण ६ प्रसंग नोंदले गेले, त्यांपैकी ५ आघाडीच्यांचे. त्यांच्या रक्तात मुक्त मूलके वाढली आणि नायट्रिक ऑक्साइड घटला. ज्यांच्यात हा बदल जास्त, त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांची रुंदावण्याची क्षमता कमी आणि चाचणीतले गुणही कमी. आता हादऱ्यांचा आकडा पुन्हा पाहा. २१ खेळाडू, आणि प्रसंग फक्त ६. केवळ हादरे मोजले असते तर बहुतेकांचे खाते कोरे दिसले असते.

बेरजेबरोबर वजाबाकीही

येथे विज्ञानाच्या शिस्तीने थांबायला हवे. २१ ही संख्या लहान आहे. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली, असे सिद्ध होत नाही. हंगामानंतर गुण थोडे घसरणे म्हणजे पुढे स्मृतिभ्रंश होणारच, असेही नाही. टाऊच्या गुठळ्यांचा आजार तर अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित करता येतो.

दीर्घ मुदतीचे चित्र स्कॉटलंडमधील नोंदींतून मिळते. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठाच्या विली स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीन पट होते. पण त्याच अभ्यासात हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सामान्यांपेक्षा कमी होते. २०२२ साली ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंचा असाच अभ्यास झाला, त्यांत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका सुमारे अडीच पट आढळला.

म्हणजे खेळाने हृदय वाचवले आणि काहींच्या मेंदूला इजा केली. ही बेरीज-वजाबाकी नीट मांडली की उत्तर ‘खेळ बंद करा’ असे येत नाही. धावणे, दम, चपळता, संघभावना हे सारे जमेच्या बाजूला आहे. खर्चाच्या बाजूला आहेत ते धडका, अपुरी विश्रांती आणि दुर्लक्षित हादरे. जमा न गमावता खर्च कमी करणे शक्य आहे, आणि ते मुख्यतः मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या हातात आहे.

मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस

आपल्या मैदानांवर एक दृश्य सर्वांच्या ओळखीचे आहे. गडी डोक्यावर आपटतो, क्षणभर बसून राहतो. कोणी तरी तोंडावर पाणी मारते, पाठीवर थाप देते, तो उठतो, टाळ्या होतात आणि तो परत मैदानात जातो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये शालेय रग्बीच्या एका सामन्यात १४ वर्षांच्या एका मुलाच्या बाबतीत असेच घडले. डोक्याला मार बसूनही तो खेळत राहिला, सामन्याच्या शेवटी कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते, आणि हा धोका कोवळ्या वयात जास्त असतो. त्याच्या मृत्यूच्या चौकशीनंतर त्याच्या कुटुंबाने चिकाटीने पाठपुरावा केला. २०१५ साली स्कॉटलंडने सर्व खेळांसाठी एकच मार्गदर्शिका काढली, आणि २०२३ साली ती संपूर्ण ब्रिटनसाठी आली. तिचे सार एका वाक्यात सांगता येते : शंका असेल तर बाहेर बसवा.

हा नियम पाळायला यंत्र लागत नाही. काही गोष्टी मात्र माहीत हव्यात. हादरा बसलेल्यांपैकी जेमतेम दहातला एक जण बेशुद्ध होतो. तेव्हा ‘शुद्धीवर आहे, म्हणजे ठीक आहे’ हा निकष चुकीचा आहे. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उजेड सहन न होणे, गुण किती झाले ते न आठवणे, एकाएकी चिडणे किंवा रडणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्या दिवशीचा खेळ संपला. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेची अनावर गुंगी, आकडी, हातापायांत बधिरपणा यांपैकी काही दिसले तर तत्काळ रुग्णालय. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग अभ्यास आणि हलके चालणे, मग धावणे, आणि धडकेचा खेळ सर्वांत शेवटी. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेनुसार स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस जावे लागतात. यात अभ्यासाचाही भाग आहे. हादऱ्यानंतर वर्गात लक्ष न लागणारा मुलगा आळशी ठरवला जातो, तेव्हा त्याला दुसरा मुका मार आपणच देत असतो.

उरली हंगामाची बेरीज. त्यासाठी क्रीडाशास्त्रात एक सोपी रीत रूढ आहे. सराव किंवा सामना संपल्यावर खेळाडूला विचारायचे, ‘किती जड गेले? ० ते १० मध्ये सांग.’ त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचे. ६० मिनिटांचा सराव आणि आकडा ६, तर त्या दिवसाचा भार ३६०. आठवड्याची बेरीज करायची आणि मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहायची. एखाद्या आठवड्यात ती एकदम दुप्पट झाली, तर पुढच्या आठवड्यात विश्रांती हवी. याच वहीत झोपेचे तास, दुखणारा सांधा, सकाळचे वजन आणि डोक्याला बसलेला प्रत्येक धक्का लिहायचा. शाळेचा संघ, तालुका, जिल्हा, गावचे मंडळ, यात्रेतला संघ अशा सर्व ठिकाणी एकच मुलगा खेळत असतो. प्रत्येक प्रशिक्षकाला त्याचा एकच तुकडा दिसतो. सगळे तुकडे एकत्र येतात ते त्या मुलाच्या शरीरात आणि, आपण ठेवली तर, त्या वहीत.

गणिताच्या तासाला या आकड्यांचे आलेख काढता येतील, जीवशास्त्राच्या तासाला त्यांचा अर्थ लावता येईल. निफाड, पिंपळगाव, लासलगावच्या शाळांतील चार-पाच शिक्षकांनी मिळून एक हंगाम अशी नोंद ठेवली, तर आपल्या मातीतल्या खेळाविषयीची आपली स्वतःची माहिती हाती येईल. सातारा-बडोद्याच्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी खेळाचे नियम लिहून काढले, तेव्हाच हुतुतूची कबड्डी झाली. खेळणाऱ्याच्या शरीराची नोंदही आता तशीच लिहून काढायला हवी. द्राक्षाच्या वेलीसाठी जी वही आपण ठेवतो, तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवायला जागा नक्की निघेल.